प्रेग्नन्सीतल्या ब्लड टेस्ट: कुठली कधी करायची, रिपोर्ट कसा वाचायचा आणि घाबरायचं कधी

डबल मार्करचा, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा दोष असायची शक्यता किती ते सांगणाऱ्या ब्लड टेस्टचा, रिपोर्ट हातात पडतो, वर ठळक अक्षरात हाय रिस्क छापलेलं असतं, आणि त्या दिवशी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. बाळाला काही झालंय असं त्या रिपोर्टने म्हटलेलंच नसतं, पण हे टेस्टच्या आधी कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं आणि नंतर सांगून मनाला पटत नाही. म्हणून हे सगळं टेस्ट करायच्या आधीच वाचून ठेवा, दोघांनीही वाचा, कारण रिपोर्ट आल्यावर शांतपणे विचार करणं फार अवघड जातं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आईच्या हातातून रक्त काढून बाळाच्या क्रोमोसोमबद्दल, म्हणजे पेशीतल्या जनुकांच्या जुडग्यांबद्दल, ज्या काही टेस्ट होतात, मग ती डबल मार्कर असो, क्वाड्रुपल असो नाहीतर एनआयपीटी असो, त्या सगळ्या स्क्रीनिंग टेस्ट आहेत. म्हणजे पुढची तपासणी कोणाची करायची एवढंच त्या ठरवतात. बाळाला डाऊन सिंड्रोम (२१ नंबरचा क्रोमोसोम एक जास्तीचा) आहे की नाही याचं पक्कं उत्तर सीव्हीएस किंवा अ‍ॅम्निओसेंटेसिसमधूनच मिळतं, जिथे वारेचा (प्लासेंटाचा) छोटा तुकडा किंवा बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासतात. माझं तर ठाम म्हणणं आहे की नुसत्या ब्लड टेस्टच्या जोरावर प्रेग्नन्सी ठेवायची की नाही हा निर्णय कुणीही घेऊ नये, रिपोर्टमध्ये ९९ टक्के लिहिलेलं असलं तरी घेऊ नये. का ते पुढे येतंच.

आधी आठवडे नक्की करा

या टेस्टचं सगळं गणित आठवड्यांवर चालतं. आईच्या रक्तातली मार्करची लेव्हल दर आठवड्याला बदलत असते, त्यामुळे तारखेत एक-दोन आठवड्यांची जरी गडबड झाली तरी चांगला रिपोर्ट वाईट दिसू शकतो आणि उलटंही होऊ शकतं. पाळी अनियमित असेल, शेवटची तारीख नक्की आठवत नसेल, तर पाळीच्या तारखेवर अजिबात विसंबू नका, सुरुवातीच्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, ज्याला सीआरएल म्हणतात, त्यावरून आठवडे ठरवून घ्या. डबल मार्करच्या वेळी ही लांबी साधारण ४५ ते ८४ मिलिमीटरच्या मधे असायला लागते.

लॅबचा फॉर्म भरतानाही घाई करू नका. तुमचं सध्याचं वजन, जन्मतारीख, जुळं आहे का, डायबिटीस आहे का, सिगारेट ओढता का, आधीच्या बाळाला काही क्रोमोसोमचा प्रॉब्लेम होता का, हे सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये जातं आणि त्यावरून रिस्कचा आकडा निघतो. आयव्हीएफ असेल तर ते सांगाच, आणि डोनर एग असेल तर वय डोनरचं धरतात, स्वतःचं गोठवलेलं एग किंवा एम्ब्रियो असेल तर एग काढलं तेव्हाचं तुमचं वय. ही माहिती लाजून किंवा घरचे शेजारी बसलेत म्हणून लपवली तर येणारा आकडा चुकीचाच असणार. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, काही मशीनवर बायोटिनमुळे रीडिंग बदलतं. उपाशीपोटी जायची मात्र गरज नसते, डबल मार्कर, क्वाड्रुपल, एनआयपीटी तिन्ही जेवून-खाऊन करता येतात, फक्त शुगरच्या टेस्टला आधी विचारून जा.

पहिल्याच व्हिजिटला होणाऱ्या साध्या टेस्ट

सगळ्यांचं लक्ष डबल मार्करकडे असतं, पण माझ्या मते पहिल्या व्हिजिटच्या साध्या टेस्ट त्याच्याइतक्याच, किंबहुना जास्तच महत्त्वाच्या आहेत, कारण यात जे सापडतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर लगेच उपाय आहे.

उदाहरणार्थ थॅलेसेमिया, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसती वाहक, असेल तर तिला स्वतःला काही त्रास नसतो, थोडं हिमोग्लोबिन कमी असतं आणि वर्षानुवर्षं आयर्नच्या गोळ्या खाऊन ते वाढत नाही एवढंच. पण बाबाही मायनर निघाले तर प्रत्येक प्रेग्नन्सीत २५ टक्के शक्यता असते की बाळ मेजर असेल, म्हणजे त्याला बहुतेक आयुष्यभर रक्त चढवत राहावं लागेल. सीबीसीमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, कमी दिसतोय का बघा आणि एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी टेस्ट) करून घ्या, त्यात एचबीए२ हा प्रकार साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर मायनर असायची शक्यता असते. आयर्न खूप कमी असेल तर हा आकडा थोडा खाली दाखवतो, म्हणून काठावरचा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना परत विचारा. आई मायनर निघाली की त्याच आठवड्यात बाबांची टेस्ट करा, पुढच्या महिन्यात बघू असं म्हणू नका, कारण दोघेही मायनर असतील तर बाळाची तपासणी करायला आठवडे मोजकेच हातात असतात. सिकल सेलचंही असंच आहे. कुटुंबात एसएमए (स्नायू कमजोर होत जाण्याचा आजार), सिस्टिक फायब्रोसिस (मुख्यतः फुप्फुसांचा आजार) किंवा असा काही आनुवंशिक आजार असेल, किंवा नवरा-बायको एकमेकांच्या नात्यातले असतील, तर कॅरियर टेस्टबद्दल, म्हणजे आजाराचं जनुक तुमच्यात आहे का ते बघणाऱ्या टेस्टबद्दल, विचारा, आणि खरं तर ही टेस्ट प्रेग्नन्सीच्या आधी केलेली सगळ्यात बरी.

मग ब्लड ग्रुप. आई निगेटिव्ह आणि बाबा पॉझिटिव्ह असतील तर बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध आईच्या शरीरात अँटीबॉडी तयार होऊ शकतात, त्या झाल्यात का हे इनडायरेक्ट कूम्ब्ज टेस्टमध्ये कळतं, आणि त्या होऊ नयेत म्हणून २८ व्या आठवड्याच्या आसपास आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. मधे ब्लीडिंग झालं, पोटावर पडलात, अ‍ॅम्निओ झाली, तरीही हे इंजेक्शन लागू शकतं, तेव्हा निगेटिव्ह ग्रुप असेल तर ते स्वतःहून आठवण करून द्या.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या टेस्टला बरेच जण नाक मुरडतात, आम्हाला कशाला हव्यात असं म्हणतात. करा. एचआयव्ही असून उपचारच घेतले नाहीत तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते आणि वेळेत औषधं सुरू केली तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मल्या-जन्मल्या लस आणि इम्युनोग्लोब्युलिन देऊन बहुतेक वेळा वाचवता येतं, आणि सिफिलिसला तर पेनिसिलिनचं साधं इंजेक्शन आहे. बाळाला होणारा आजार एका रक्ताच्या ट्यूबमुळे टळत असेल तर त्यात कमीपणा कसला?

शुगर आणि टीएसएचही (थायरॉइडची टेस्ट) याच वेळी होतात. आधीपासूनच डायबिटीस असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत शुगर खूप वाढलेली राहिली तर बाळाच्या हृदयात आणि मणक्यात दोष राहायची शक्यता वाढते, म्हणून एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) लवकर बघतात. ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत असते ती वेगळी, दोन्ही लागतात.

डबल मार्कर, एनआयपीटी, क्वाड्रुपल

डबल मार्कर ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात होते. रक्तात पीएपीपी-ए आणि फ्री बीटा एचसीजी ही वारेतून येणारी दोन द्रव्यं बघतात आणि त्याला एनटी स्कॅनची जोड देतात, म्हणजे सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात. डाऊन सिंड्रोममध्ये सहसा पीएपीपी-ए कमी आणि बीटा एचसीजी जास्त असतं, एडवर्ड्स सिंड्रोममध्ये (क्रोमोसोम १८ जास्तीचा) दोन्ही कमी असतात. स्कॅन, रक्त आणि आईचं वय एकत्र धरलं तर डाऊन सिंड्रोमची साधारण ८५ ते ९० टक्के बाळं यात पकडली जातात. नुसतं रक्त देऊन एनटी स्कॅन न करता रिपोर्ट घेतला तर ही टेस्ट बरीच कमजोर होते, म्हणून दोन्ही एकत्रच करा, शक्यतो एकाच दिवशी किंवा एक-दोन दिवसांच्या फरकाने.

एनआयपीटी १० व्या आठवड्यापासून पुढे कधीही होते. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात, हे १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आणि २०११ पासून त्यावर आधारलेली टेस्ट सगळ्यांसाठी आली. क्रोमोसोम २१, १८ आणि १३ जास्तीचे आहेत का हे त्यात बघतात आणि डाऊन सिंड्रोमसाठी ती ९९ टक्क्यांच्या आसपास पकडते. पण डीएनए वारेचा असतो, थेट बाळाचा नसतो, आणि कधी कधी वारेत दोष असतो पण बाळात नसतो. शिवाय सुरुवातीला जुळं असून एक गर्भ विरघळून गेला असेल, आईच्याच पेशींमध्ये काही फरक असेल, तिचं ट्रान्सप्लांट झालेलं असेल, तरी रिपोर्ट चुकू शकतो. एनआयपीटीमध्ये मायक्रोडिलीशनचं (क्रोमोसोमचा बारीक तुकडा नसण्याचं) मोठं पॅनल घ्या म्हणून सांगितलं जातं, त्यातल्या दुर्मिळ आजारांसाठी पॉझिटिव्ह रिपोर्ट चुकीचा निघायची शक्यता फार जास्त असते, त्यामुळे विशेष कारण नसेल तर मी तरी साधंच पॅनल घ्या म्हणेन. आणि मुलगा की मुलगी हे बघायला ही टेस्ट करायची नाही, जिथे कायद्याने बंदी आहे तिथे तर विचारायचंही नाही.

क्वाड्रुपल १५ ते २० आठवड्यांत होते, एएफपी, एचसीजी, एस्ट्रिऑल आणि इनहिबिन ए असे चार मार्कर, आणि डाऊन सिंड्रोमची साधारण ८० टक्के बाळं त्यात सापडतात. ज्यांना उशिरा कळलं किंवा ज्यांची डबल मार्करची वेळ निघून गेली त्यांच्यासाठी ही ठीक आहे. पण डबल मार्कर नॉर्मल आलेली असताना परत खात्रीसाठी म्हणून क्वाड्रुपल करत बसू नका. दोन वेगवेगळ्या टेस्ट सुट्या सुट्या केल्या की कुठल्यातरी एकीत उगाचच हाय रिस्क यायची शक्यता वाढते आणि मग परत तेच टेन्शन.

क्वाड्रुपलमधला एएफपी मात्र वेगळ्या कामाचा आहे. तो खूप वाढलेला असेल, साधारण अडीच एमओएमच्या (त्या आठवड्याच्या मधल्या नॉर्मल आकड्याच्या अडीचपट) वर, तर मणक्याचा किंवा पोटाच्या भिंतीचा दोष असू शकतो. तरी घाबरायच्या आधी आठवडे बरोबर धरलेत का आणि जुळं आहे का हे तपासा, एएफपी वाढलेला दिसायची ही नेहमीची कारणं आहेत. मग नीट अनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी. डबल मार्कर आणि एनआयपीटी दोन्हीत मणक्याचा दोष कळत नाही हेही लक्षात असू द्या.

रिपोर्ट वाचताना

रिपोर्टमध्ये १:२५० असा आकडा असतो. याचा अर्थ, असाच रिपोर्ट आलेल्या २५० बायका घेतल्या तर एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि २४९ जणींच्या बाळाला नसेल. टक्क्यात हे ०.४ होतं. बऱ्याच लॅब १:२५० च्या आसपास रेघ ओढतात आणि त्याच्या अलीकडचं सगळं हाय रिस्क म्हणतात, म्हणून १:२४० ला लाल अक्षरं आणि १:२६० ला हिरवी, आणि खरं बघितलं तर दोघींमध्ये काहीच फरक नाही. त्यामुळे रंग बघू नका, आकडा बघा. १:२४० आणि १:५ दोन्ही हाय रिस्कच असतात पण त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वयाचाही धक्का बसू देऊ नका, नुसत्या वयाने ३५ व्या वर्षी रिस्क साधारण १:३५० असते आणि चाळिशीत १:१०० होते, म्हणजे वय जास्त असेल तर त्या गणिताची सुरुवातच वरून होते.

या टेस्टमध्ये मुळात १०० पैकी साधारण ५ नॉर्मल बायकांना हाय रिस्क सांगितलं जातं. हजार जणींनी टेस्ट केली तर पन्नासएक जणींना तो फोन येणार, आणि डाऊन सिंड्रोम साधारण सातशे-आठशे बाळांमागे एकाला असतो, म्हणजे त्या पन्नासातल्या एखाद-दुसरीलाच खरं काही निघणार.

आता एनआयपीटीचं ९९ टक्के का फसवं आहे ते बघा. समजा टेस्ट हजारात एकीला चुकून पॉझिटिव्ह दाखवते. चाळिशीच्या १०,००० जणींमध्ये साधारण १०० बाळांना खरंच डाऊन सिंड्रोम असेल, ती जवळपास सगळी सापडतील, आणि चुकीचे पॉझिटिव्ह असतील १०, म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट दहापैकी नऊ वेळा खरा. पण पंचविशीतल्या १०,००० जणींमध्ये खरी बाळं असतील आठेक आणि चुकीचे पॉझिटिव्ह तेवढेच १०, म्हणजे तोच रिपोर्ट, तीच लॅब, आणि खरा असायची शक्यता निम्म्याहूनही कमी. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की पक्की टेस्ट झाल्याशिवाय निर्णय नाही. क्रोमोसोम १३ साठी तर हे आणखीच लागू पडतं.

एनआयपीटीचा रिपोर्टच आला नाही असंही होतं. बाळाकडचा डीएनए साधारण ४ टक्क्यांपेक्षा कमी सापडला तर लॅब उत्तर देत नाही. याची कारणं म्हणजे आठवडे कमी असतात, आईचं वजन जास्त असतं किंवा रक्त पातळ करणारी हेपरिनची इंजेक्शनं चालू असतात. सहसा परत सॅम्पल देऊन काम होतं, पण दुसऱ्यांदाही फेल झाली तर तो विषय तिथेच सोडू नका, डॉक्टरांशी बोलून स्कॅन आणि गरज पडली तर अ‍ॅम्निओपर्यंत जा, कारण काही क्रोमोसोम दोषांमध्येच हा डीएनए कमी असतो.

लो रिस्क आलं म्हणजे बाळ शंभर टक्के ठणठणीत असंही नाही. हृदयातलं भोक, फाटलेला ओठ, किडनीचा दोष हे रक्तात दिसत नाहीत, त्यासाठी १८ ते २२ आठवड्यांचा अनॉमली स्कॅन लागतोच, एनआयपीटी केली म्हणून तो चुकवू नका. आणि डबल मार्कर लो रिस्क असूनही पीएपीपी-ए खूप कमी असेल, तर पुढे बाळाची वाढ कमी होणं किंवा आईचं बीपी वाढणं याची शक्यता थोडी जास्त असते. तो आकडा डॉक्टरांना स्वतः दाखवा, कारण बीपीच्या रिस्कसाठी कमी डोसची अ‍ॅस्पिरिन द्यायची असेल तर ती १६ आठवड्यांच्या आत सुरू केलेली चांगली. स्वतःच्या मनाने मात्र सुरू करू नका.

हाय रिस्क आला तर पुढे

पहिल्या दिवशी फक्त आठवडे, वजन, वय, जुळं या गोष्टी फॉर्मवर बरोबर आहेत का ते बघा, चूक असेल तर लॅब परत गणित करून देते, नवीन रक्तही लागत नाही. मग जेनेटिक काउन्सेलर किंवा फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांची वेळ घ्या. आकडा काठावरचा असेल आणि स्कॅन पूर्ण नॉर्मल असेल तर मधली पायरी म्हणून एनआयपीटी करणं चांगलं, त्यामुळे बऱ्याच जणींची सुई वाचते. पण एनटी साडेतीन मिलिमीटर किंवा जास्त असेल, किंवा स्कॅनमध्येच काही दोष दिसत असेल, तर एनआयपीटीत दहा-बारा दिवस घालवण्यापेक्षा थेट सीव्हीएस किंवा अ‍ॅम्निओचं विचारा, तिथे मायक्रोअ‍ॅरेही करता येतो, ज्यात बारीक दोषही कळतात.

सीव्हीएस साधारण ११ ते १४ आठवड्यांत आणि अ‍ॅम्निओ १५ आठवड्यांनंतर करतात. सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात, बाळापासून लांब. गर्भपाताची भीती सगळ्यांना असते, अनुभवी हातात ही वाढीव रिस्क हजारात साधारण एक ते तीन इतकी धरतात, म्हणून डॉक्टर या प्रोसीजर नेहमी करतात का हे विचारायला संकोच करू नका. नंतर एक-दोन दिवस जड काम टाळा, पाणी जायला लागलं, ताप आला, ब्लीडिंग झालं तर लगेच फोन करा. २१, १८, १३ बद्दलचं झटपट उत्तर फिश किंवा क्यूएफ-पीसीआर या लॅबच्या पद्धतींनी दोन-तीन दिवसांत मिळतं, पूर्ण कॅरियोटाइपला (सगळ्या क्रोमोसोमच्या तपासणीला) दोन-तीन आठवडे लागतात.

टॉर्च पॅनलबद्दलही (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस अशा इन्फेक्शनच्या टेस्ट) सांगते, कारण त्यानेही खूप घरं हादरतात. काही लक्षण नसताना सरसकट टॉर्च करायची गरज नसते. आयजीजी आणि आयजीएम या इन्फेक्शनविरुद्धच्या अँटीबॉडी. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा जुनं इन्फेक्शन किंवा लस, आणि आयजीएम चुकीचं पॉझिटिव्ह येणं फार कॉमन आहे. तसं आलं तर परत टेस्ट आणि आयजीजी अ‍ॅव्हिडिटी करून इन्फेक्शन नवं की जुनं ते बघतात. ताप-पुरळ आलं असेल, घरात कांजिण्या झालेल्या असतील, स्कॅनमध्ये काही दिसलं असेल, तेव्हा ही टेस्ट कामाची.

आणि एक मनापासून सांगायचंय. टेस्ट करायच्या आधी दोघांनी बसून बोला की पॉझिटिव्ह आलं तर आपण काय करणार आहोत. काहींना जाणून घ्यायचंच नसतं, त्यांनी नाही म्हटलं तरी चालतं, ही सक्ती नाही. काहींना बाळ कसंही असलं तरी हवं असतं, त्यांच्यासाठीही टेस्टचा उपयोग आहे, कारण डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो आणि आधी माहीत असेल तर नवजात बाळांचा आयसीयू आणि हृदयाचे डॉक्टर असलेल्या हॉस्पिटलमध्ये डिलिव्हरी ठरवता येते. अशी मुलं आज शाळेत जातात, काम करतात, साठीपर्यंत जगतात. निर्णय घ्यायच्या आधी अशा मुलांच्या आईवडिलांना भेटा, नुसतं गुगल वाचून ठरवू नका. आणि जो निर्णय घ्याल तो तुमच्या दोघांचा असू द्या, सासर-माहेरच्या बैठकीत तो होऊ देऊ नका.

दुर्दैवाने काही निघालंच, तर सगळे रिपोर्ट आणि कॅरियोटाइपची प्रत फाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी ट्रान्सलोकेशन (क्रोमोसोमचा तुकडा दुसऱ्या क्रोमोसोमला चिकटलेला) होतं का, आईवडिलांचा कॅरियोटाइप करायचा का, हे त्या एका कागदावरून ठरतं. मणक्याचा दोष असलेलं बाळ झालं असेल तर पुढच्या प्रेग्नन्सीच्या आधीपासूनच फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस लागतो, साधारण ४ ते ५ मिलिग्रॅम, नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या दहा-बारापट, आणि तो डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. पाळी चुकल्यावर सुरू करून उपयोग नाही, कारण मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास बंद होऊन गेलेली असते, तेव्हा प्रयत्न सुरू करायच्या निदान एक महिना आधी गोळी चालू पाहिजे.